आजी कोठे जन्मली ते सांगा

आपल्या इंग्लंडमधील मंडळीत हल्ली एक विचित्र लाज शिरली आहे. घरी बाळ येणार असले की मिडवाइफ विचारते, आई-बापांचा किंवा आजी-आजोबांपैकी कोणाचा जन्म कोठे झाला? आमची सूनबाई ताठ मानेने सांगते, "आम्ही इथलेच." कोणी म्हणतात, "आम्ही इस्राएलहून आलो." खोटे कोणीच बोलत नाही. पण आजी भायखळ्याला जन्मली ही गोष्ट घरातच राहते आणि बाळाची बीसीजी हुकते!

2005 सालापर्यंत इथे शाळेतल्या मुलांना ही लस सरसकट मिळे. ते बंद झाले. आता ज्या देशात दर लाख वस्तीत वर्षाला 40 किंवा अधिक लोकांना क्षय होतो, तेथे आई, बाप किंवा चार आजी-आजोबांपैकी एकाचा जरी जन्म झाला असेल, तर बाळाला ती देतात. भारत त्यात मोडतो, इस्राएल नाही. म्हणजे आई-बाप रामल्याचे असले तरी आजी अलिबागची असेल तर बाळाचा हक्क शाबूत. तो आपणच बुडवावा काय?

कोणी शहाणे सांगतात की बीसीजीने क्षय थांबत नाही. मोठ्या माणसाच्या फुप्फुसाचा क्षय ती फारसा अडवीत नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु तान्ह्या मुलाच्या मेंदूच्या आवरणाला होणारा क्षय ती पुष्कळ अंशी अडवते. तसले मूल आम्ही वॉर्डात पाहिले आहे. बरे होऊन घरी गेले, पण त्याला ऐकू येईना.

दुसरी तक्रार दंडावरच्या डागाची! आमच्या दंडावर देवीचा नि बीसीजीचा असे दोन व्रण आहेत, आणि ते घेऊनच आम्ही मेंदीला बसलो. 1897 च्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. ते ज्यू होते म्हणून परळच्या इन्स्टिट्यूटचे नाव आम्ही अभिमानाने घेतो, आणि नातवाच्या सुईला मात्र भितो.

इंग्लंडात 2021 पासून ही लस जन्मताच न देता 28 दिवसांनंतर देतात, कारण बाळाच्या रक्ततपासणीचा निकाल आधी पाहावा लागतो. तोवर बाळंतीण घरी गेलेली असते आणि अपॉइंटमेंट विसरते. तेव्हा आजींनीच विचारावे. वर्ष उलटले असले तरी डॉक्टरांकडे जावे. सहा वर्षांपुढील मुलाची मात्र आधी हातावर मॅन्टू चाचणी होते.