झालंच की!

मराठीत काळ तीन, असं व्याकरणकार सांगतात. त्या बिचाऱ्यांवर वेबसाइट करून घ्यायची वेळ आली नव्हती. नाही तर त्यांनी चौथा काळ नक्की शोधला असता. हा काळ बोलताना भूतकाळासारखा असतो, ऐकणाऱ्याला वर्तमानकाळ वाटतो आणि घडतो मात्र भविष्यकाळात. तोही घडला तर! सातारा-सांगलीकडे त्याचं रूप असं चालतं : "झालंच की!"

माझा पुतण्या सांगलीला असतो. चांगली नोकरी सोडून त्यानं हळद विकायची ठरवली. पूर्वी याला दुकान टाकणं म्हणत, आता स्टार्टअप म्हणतात. फरक एवढाच, की दुकानात निदान बसायला गल्ला असे. पण कल्पना वाईट नव्हती. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. नवी हळद संक्रांतीनंतर बाजारात येऊ लागते आणि उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची बेगमी होते. तेवढ्या तीन-चार महिन्यांत गिऱ्हाइकाला आपली वेबसाइट दिसली पाहिजे, हा सरळ हिशेब.

दिवाळीत त्यानं सातारच्या एका वेब डिझायनरला काम दिलं. निम्मे पैसे आगाऊ. "चार पानांचं तर काम, पंधरा दिवसांत देतो," हा शब्द. संक्रांत गेली, होळी झाली, गुढ्या उभ्या राहिल्या. वेबसाइट तेवढी उभी राहीना. शेवटी पुतण्याचा फोन आला, "काका, तुम्ही साताऱ्यातच आहात, जरा चक्कर टाका ना."

पोवई नाक्याजवळच्या त्या ऑफिसात माझं स्वागत उत्तम झालं. "बसा काका, चहा घ्या. झालंच की! आता फक्त वर चढवायचं राहिलंय." खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता. मनात म्हटलं, एवढ्या दिवसांत बाबा, हत्तीसुद्धा वर चढला असता.

आता कुणी म्हणेल, चांगल्या कामाला वेळ लागायचाच. पण धीर धरायला सांगलीकरांना कुणी शिकवू नये. हळद नऊ महिने जमिनीत असते. मग ती शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. हरिपूरला व्यापारी ती जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षं ठेवत आले. (त्या पेवांचं २००५च्या महापुरात फार नुकसान झालं. वेब डिझायनरांचं पेव फुटलं ते त्यानंतर.) शेजारच्या मिरजेत तंबोरे होतात, त्यांना २०२४ साली मानांकन मिळालं. भोपळा वाळल्याशिवाय तंबोरा नाही आणि जवारी लागल्याशिवाय त्याला सूर नाही. तिथे कुणी घाई करत नाही.

पूर्वी टेलिफोन आणि चेतक स्कूटर यांच्यासाठी लोकांनी वर्षं काढली. पण तिथे एक नंबर असे. तो गोगलगायीच्या चालीनं का होईना, पुढे सरकतोय एवढं तरी कळे. माझं भांडण उशिराशी नाहीच. माझं भांडण खोट्या तारखेशी आहे. पंधरा दिवसांचा वायदा करणारा आणि सहा महिने लावणारा, या दोघांत मला पहिल्याचा जास्त राग येतो. अडचण अशी, की बहुतेक वेळा ते दोघे एकच असतात.

मग वाजवी वेळ म्हणजे किती? या धंद्यातल्या चार सरळ माणसांना मी विचारलं. चार-पाच पानांच्या साध्या वेबसाइटला तीन ते सहा आठवडे. पैसे भरून माल मागवायची सोय हवी असेल तर दोन-तीन महिने धरा. वेबसाइटचं नाव मिनिटांत विकत मिळतं. ते नीट जोडून सगळीकडे दिसू लागायला फार तर दोन दिवस. पैसे स्वीकारायची सोय देणारी कंपनी आधी कागदपत्रं तपासते आणि पत्ता, नियम, पैसे परत करण्याची पद्धत हे साइटवर लिहिलेलं आहे का ते बघते. त्यात आणखी काही दिवस जातात. सगळं बेरजेत बसतं. बेरजेत न बसणारा आकडा एकच : पंधरा दिवस!

डिझायनर म्हणतात, गिऱ्हाईक फोटो देत नाही, मजकूर देत नाही. खरं आहे. पुष्कळ गिऱ्हाइकं मजकुराच्या नावानं लग्नातले फोटो पाठवतात आणि "बाकी तुम्ही बघा" म्हणतात. पण पुतण्यानं सगळं दत्तजयंतीच्या आत पोचवलं होतं. शिवाय काय हवं आणि कधी हवं, हे सुरुवातीलाच कागदावर मागायला कुणाची बंदी आहे?

खरं दुखणं वेगळंच आहे. सहा आठवडे सांगणाऱ्याकडून गिऱ्हाईक उठतं आणि पंधरा दिवस सांगणाऱ्याकडे जाऊन बसतं. वर भावात घासाघीस करतं. मग त्या पोराला एका कामात भागत नाही, तो दहा कामं घेतो आणि दहाही जणांना चहा पाजून "झालंच की!" म्हणतो. खोट्याला आपणच गिऱ्हाईक पुरवतो. म्हणून कमी दिवस सांगणाऱ्याकडे जाऊ नका. पैसे काम पुरं होईल तसे तीन हप्त्यांत द्या. तारीख लिहून घ्या. आणि वेबसाइटचं नाव स्वतःच्याच नावावर घ्या. पुतण्याचं नाव डिझायनरच्या खात्यावर होतं; त्यामुळे त्याला काम काढूनही घेता येईना. घर आपलं आणि उतारा गवंड्याच्या नावावर, अशी गत!

वेबसाइट अखेर अक्षय्य तृतीयेला उघडली. त्या मुहूर्तावर शेतकरी पुढल्या वर्षीची हळद लावत होते, आणि घरोघरच्या बरण्या दुसऱ्या कुणाच्या हळदीनं भरून झाल्या होत्या. बँकेचा हप्ता तेवढा दरमहा तारखेला जात होता. बँकेला जाऊन "झालंच की!" म्हणून बघा एकदा.

तेव्हा माझं मागणं एवढंच. दिवस हवे तेवढे घ्या, पण खरे सांगा. उशीर होणार असेल तर आम्ही विचारायच्या आत कळवा. हळद नऊ महिने घेते, पण तिला फोन करून "कुठवर आलं?" असं विचारायची वेळ आजवर एकाही शेतकऱ्यावर आलेली नाही.