अब्बांचा कान आणि दोन लहान पेट्या

आमच्या अब्बांनी तीस वर्षं जिनिंग-प्रेसिंगमध्ये काढली. यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा हंगाम म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. दिवाळीपासून होळीपर्यंत मशीन थांबत नसे. अब्बा घरी येऊन दस्तरखानावर बसले की अम्मीला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे. आम्हा पोरांना वाटायचं, थकलेत. आता ते पंच्याहत्तरीला आले आहेत. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की थकवा वगैरे नव्हता, कान त्या मशीननेच खाल्ला. आणि वयाने उरलासुरला.

अब्बांची तक्रार एकच असते : "आवाज़ आता, बात समझ में नहीं आती." हे वाक्य ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांनी ऐकलेलंच असेल. डॉक्टरांनी कारण सोपं करून सांगितलं. वाढत्या वयात आणि मशीनच्या गोंगाटात आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं जातं. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते कानात पोचतात. स, श, फ, त, ख यांची धार वरच्या पट्टीत असते, ती बोथट होते. म्हणजे वाक्याचं मांस राहतं, हाडं जातात. कानाचं मशीन घेतलं, पण ते बहुतेक वेळ कपाटातच असतं. त्यावरून घरात जे होतं ते इथे लिहीत नाही.

व्हायचं तेच झालं, टीव्हीचा आवाज वाढत गेला. दोन खोल्यांचं घर, मुलगी दहावीला, पलीकडे एकच भिंत. शेजारच्या काकूंनी दोनदा हसत सांगितलं, तिसऱ्यांदा न हसता. मग मी अब्बांना थोडं तोडून बोललो. त्यानंतर त्यांनी टीव्ही लावणंच सोडलं. संध्याकाळची कव्वाली बंद झाली, सकाळचं आकाशवाणी बंद झालं. ज्या माणसाने रेडिओ सिलोनवर आठच्या ठोक्याआधीचं सैगलचं गाणं संपल्याशिवाय कधी चप्पल घातली नाही, तो दिवसभर खाटेवर बसून दाराकडे बघू लागला. घर शांत झालं आणि ती शांतता मला सहन होईना.

म्हणून मी स्पीकर घ्यायला निघालो, आणि पहिल्या फटक्यात चुकलो. ऑनलाइन एक डबा मागवला. बिनतारी, रंगीत दिवे लुकलुकणारा, खोक्यावर वॅटचा आकडा चार अंकी. त्याला हजारो लोकांनी पाच तारे दिलेले. मी शिक्षक माणूस, उत्तरपत्रिका वाचायची सवय, म्हणून पैसे गेल्यावर ते अभिप्राय एकेक करून वाचले. "डिलिव्हरी फास्ट." "पॅकिंग छान." "अजून वापरला नाही पण मस्त वाटतो." ही स्पीकरवरची मतं नाहीतच, खोकं उघडण्याच्या आनंदाची मतं आहेत. परीक्षेच्या आधीच पेढे वाटण्यासारखं. अब्बांनी तो डबा अर्धा मिनिट ऐकला आणि म्हणाले, "ये क्या धम-धम लगा के रखा?" चूक माझी होती. मी त्यांच्यासाठी आवाज विकत घेतला होता आणि त्यांना हवे होते शब्द.

त्या चार अंकी आकड्याबद्दल सांगून टाकतो, कारण यवतमाळच्या बाजारातही तोच आकडा दाखवून माल विकला जातो. खोक्यावर 'पीएमपीओ' लिहिलं असेल तर ते वाचूच नका. क्षणभरात जास्तीत जास्त किती, असा तो कागदी हिशेब असतो आणि तो मोजायची सगळ्यांची एक ठरलेली रीत नाही. 'आरएमएस' बघायचं, म्हणजे सतत किती ताकद देतो ते. घरातल्या खोलीत, माणसाने माणसासारखं ऐकायचं म्हटलं तर बहुतेक वेळ एखाद-दोन वॅटच खर्ची पडतात. वॅट दुप्पट केले तर आवाज जेमतेम तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायचा तर ताकद दहापट लागते. म्हणजे वीस वॅटचा सोडून चाळीसचा घेतला म्हणून आवाज दुप्पट होत नाही, बिल मात्र होतं.

मग मी ठरवलं की ज्याने ती वस्तू किमान एक वर्ष घरात ठेवली आहे त्यालाच विचारायचं. यात वेळ गेला, पण मजाही आली.

आमच्या स्टाफरूममधले विज्ञानाचे सर तीन वर्षांपासून खाली मोठी पेटी आणि वर दोन चिमुकल्या अशा संचाचे मालक आहेत. पहिल्या वर्षी त्यांनी आम्हाला घरी बोलावून चहासोबत तो ऐकवला होता. आता विचारलं तर म्हणाले, "खालची पेटी बंदच ठेवतो. मिसेसच्या मते भांडी हलतात." बाजारातले एक टेलर आहेत, त्यांच्याकडे मशीनच्या दोन बाजूंना संगणकाचे दोन साधे स्पीकर आठ वर्षांपासून वाजताहेत. त्यांचं मत : "सर, त्यात बिघडण्यासारखं काही नाहीच, तर बिघडणार काय?" पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा म्हणतो, बेसशिवाय संगीत म्हणजे मिठाशिवाय आळण. तो त्याच्या जागी बरोबर आहे. बावीस वर्षांच्या कानाला सगळंच ऐकू येतं, म्हणून त्याला छातीतही ऐकायचं असतं.

सगळ्यात कामाचं मत मिळालं दुरुस्तीवाल्याकडून. तो काही मालक नाही, पण शंभर मालकांच्या शेवटच्या दिवसाचा साक्षीदार आहे. त्याच्या टेबलावर काय येतं ते त्याने बोटांवर मोजून दाखवलं. बिनतारी डब्यांची चार्जिंगची जागा ढिली झालेली. बॅटरी बसलेली, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा चौवेचाळीस-पंचेचाळीसला जातो आणि लोक डबा खिडकीत ठेवतात. व्होल्टेज वरखाली झाल्याने जळालेले अडॅप्टर. स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कड भुगा झालेली. "रबराची कड असली तर बघा सर, ती टिकते," तो म्हणाला. "आणि आत वायर सोल्डर करायला जागा असलेली पेटी घ्या. चिकटवलेली पेटी मी उघडू शकत नाही." कंपनीचं सेवा केंद्र नागपूर-अमरावतीला असतं. दोन हजारांच्या वस्तूसाठी तिकडे एक खेप म्हणजे एसटीचं भाडं आणि एक रजा. हा हिशेब कुठल्याच पाच ताऱ्यांत नसतो.

पण माझ्या लेखी खरी परीक्षा वेगळीच होती. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, तलफ्फुजवर माझी भाकरी आहे. मराठीत 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगून दाखव. लिहायला एक, उच्चार दोन. उर्दूत तर 'जलील' म्हणजे थोर आणि 'ज़लील' म्हणजे नीच. नुक्त्याएवढ्या फरकाने माणूस कुठल्या कुठे जातो. हा सगळा फरक वरच्या पट्टीतल्या त्या बारीक घर्षणात असतो, जे अब्बांच्या कानाला आधीच कमी पोचतं. बेस चढवलेल्या डब्यात उरलंसुरलंही धमधमीखाली दबतं. अम्मीची कसोटी याहून कडक. ती मोबाइलवर किरात ऐकते, आणि से, सीन, साद ही तीन अक्षरं वेगळी ऐकू आली नाहीत तर म्हणते, "बंद कर, गुनाह लगेगा." घरात गाणी वाजावीत की नाही यावर आमच्याकडेही वाद होतो, तो सुटेल अशी मला आशा नाही. पण अम्मीची तिलावत आणि अब्बांची कव्वाली, दोघांनाही पेटीकडून एकच हवं आहे. बोल साफ यावेत.

तर मी ज्याच्या-त्याच्या घरी जाऊन आपल्या मोबाइलवरून तीन गोष्टी लावून ऐकल्या. आकाशवाणीच्या बातम्या. वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब, 'कट्यार काळजात घुसली' मधले. ते आपल्या शेजारच्या मूर्तिजापूरचे, आणि त्या नाटकात उर्दू-मराठी एका गळ्यात कशी नांदते ते माझ्या वर्गाला मी नेहमी सांगतो. आणि साबरी बंधूंची एक कव्वाली, कारण दहा माणसं एकदम टाळ्या वाजवत असताना मुख्य गायकाचा शब्द वेगळा निघतो का, हे तिथे लगेच कळतं. यात दिव्यांचे डबे नापास झाले. टेलर मास्तरांचे साधे स्पीकर चक्क पास झाले, आवाज बारीक पण शब्द स्वच्छ. क्रिएटिव्हचे पेबल नावाचे दोन गोल स्पीकर एका शिक्षिकेकडे आहेत, सव्वादोन इंचांचे, यूएसबीवर चालणारे, तोंड वर कानाकडे केलेले. टेबलाशी बसून ऐकणाऱ्यासाठी मला ते फार आवडले. सारेगामाचा कारवाँ बऱ्याच घरांत आहे. 2017 साली तो आला तेव्हा मुलांनी आईबापांना भेट म्हणून दिला आणि ती भेट खरोखर वापरली जाते, हे थोड्या वस्तूंबद्दल म्हणता येईल. बटण फिरवलं की गाणं, मोबाइलचं लफडं नाही. अब्बांच्या वयाला हा मोठाच गुण. पण एका पेटीतून येणारा आवाज खोलीच्या एका कोपऱ्यातून येतो, आणि अब्बांना तो दोन्ही कानांजवळ हवा होता.

म्हणून जोडी. दोन पेट्यांच्या आवाजाची कल्पना इंग्लंडमधल्या अॅलन ब्लूमलीन नावाच्या इंजिनिअरची, 1931 मध्ये त्याने तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. सांगतात की सिनेमा बघताना नट पडद्याच्या या टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे त्याला खटकलं. तो ज्या ईएमआय कंपनीत होता तिचाच तो कुत्र्याच्या चित्राचा एचएमव्ही छाप, जो आपल्या आजोबांच्या तबकड्यांवर असायचा. अब्बांच्या आवडीची बहुतेक गाणी एकाच वाहिनीवर ध्वनिमुद्रित झालेली, त्यात डावं-उजवं काही नाही. तरी जोडीचा फायदा झालाच, कारण दोन पेट्या माणसाच्या जवळ आणता येतात. लांबून मोठ्याने ओरडण्यापेक्षा जवळ येऊन हळू बोललेलं म्हाताऱ्यांना जास्त कळतं. हे आपण तोंडाने बोलताना करतो, स्पीकरच्या बाबतीत विसरतो.

शेवटी जोडी मिळाली ती जुनी. बँकेतल्या एका साहेबांची नांदेडला बदली झाली. लाकडी भुशाच्या दाबीव फळीच्या पेट्या, चार इंचांचा मोठा पडदा, वर बोराएवढा ट्वीटर, रबराची कड, तीन वर्षं वापरलेली. साहेबांनी विकताना आपण होऊन सांगितलं : आवाजाचं बटण फिरवताना खरखरतं, रिमोट हरवला आहे, आणि मोबाइलचा चार्जर त्याच बोर्डाला लावला तर बारीक गुणगुण येते. किंमत दोन हजार. मी लगेच काढून दिले. दोष सांगणारा मालक मला बाजारात क्वचित भेटला आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ती पेटी आता मिळतही नाही आणि नाव वाचून तुम्ही दुसरीच घ्याल.

बसवण्यात मात्र दोन रविवार गेले. आधी लोखंडी कपाटावर ठेवल्या, तर कपाटच गाऊ लागलं. मग कोपऱ्यात, तिथे आवाज मडक्यातून आल्यासारखा घुमला. भिंतीच्या कोपऱ्यात खालचे सूर फुगतात, एवढं आता कळलं. अखेर अब्बांच्या खाटेच्या दोन बाजूंना दोन स्टूल, बसल्यावर ट्वीटर कानाच्या उंचीला, तोंड आत वळवलेलं, खाली जुन्या रबरी चपलेचे कापलेले तुकडे. तार पुरेना, म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानातून पाच मीटर आणली. वर टीन, खाली फरशी, त्यामुळे खोली दणाणते. समोरच्या भिंतीला अम्मीने गोधडी टांगली. बेगमचं मत विचाराल तर तिला अजून ही जोडी मान्य नाही : झाडताना तार पायात येते आणि पेटीवर धूळ बसते. रोज पुसणारी तीच असल्याने या मताला मी उत्तर देत नाही.

चमत्कार झाला असं समजू नका. गेलेला कान पेटीने येत नाही. फोनवर अब्बा अजूनही "क्या?" म्हणतात, आणि कानाचं मशीन लावायला हवं हे डॉक्टरांचं म्हणणं खरंच आहे. पण टीव्हीची तार आता या पेट्यांना जोडली आहे आणि आवाजाचा आकडा चाळीसवरून पंधरावर आला आहे. पहिल्या संध्याकाळी बातम्या लागल्या. अब्बा खाटेवर मांडी घालून बसले, निवेदकाने कुठल्याशा गावाचं नाव घेतलं आणि ते एकदम म्हणाले, "ग़लत बोला. अपने उमरखेड को क्या बोल रहा ये?" आम्ही कोणीच नीट ऐकलं नव्हतं. मुलीने मोबाइलवर तीच बातमी मागे नेऊन लावली. अब्बांचं बरोबर होतं.

शेजारच्या काकू परवा आल्या होत्या. टीव्ही बिघडला का, म्हणून विचारायला.

आता मुलीला तिच्या टेबलासाठी लहान जोडी हवी आहे, अभ्यासाचे व्हिडिओ ऐकायला, कानात सारखं ते बोंडूक घालून तिचेही कान दुखतात. अब्बा आपल्या पेट्या द्यायला तयार नाहीत. दीड हजारांच्या आत, तारेवर चालणारी, एक वर्षाहून जास्त वापरलेली जोडी तुमच्या घरात असेल तर कशी आहे ते कळवा. खोकं कसं होतं ते नको, काय बिघडलं तेवढं लिहा.