विश्लेषण : बिल्डर रस्त्यासाठी पैसे भरतात, मग रस्ता कुठे अडतो?

हिंजवडी, वाघोली, म्हाळुंगे... पुण्याच्या कडेला इमारती आधी उभ्या राहतात आणि रस्ते मागून येतात. सकाळी कोंडी झाली की मोबाइलवर एक सवाल हमखास फिरतो, 'एवढे टॉवर बांधायला परवानगी देता, मग बिल्डरांकडून रस्त्याचे पैसे का घेत नाही?'

पैसे घेतले जातात. गेली तीस वर्षे कायद्यानेच घेतले जातात आणि घराच्या किमतीतून ते बऱ्याच अंशी ग्राहकाकडूनच वसूल होतात. मात्र कोणत्या इमारतीचा पैसा कोणत्या रस्त्याला लागला, हे ना बिल्डर सांगू शकतो ना घरमालक. नवे शुल्क लावण्याची चर्चा अधूनमधून होते. त्याआधी जुन्या शुल्काचा हिशेब समजून घ्यायला हवा.

विकास शुल्क म्हणजे काय?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यात १९९२ मध्ये एक नवे प्रकरण घालण्यात आले. त्यातील कलम १२४अ नुसार जमिनीचा विकास किंवा बांधकाम करणाऱ्याकडून नियोजन प्राधिकरण विकास शुल्क घेते. नियोजन प्राधिकरण म्हणजे ज्या संस्थेकडे त्या भागाची बांधकाम परवानगी आहे ती. शहरात महापालिका, शहराबाहेर पीएमआरडीएसारखे प्राधिकरण, औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी.

हा पैसा विकास निधीत ठेवून सार्वजनिक सुविधा आणि परिसर सुधारणेसाठी वापरायचा, असे कायद्याला अपेक्षित आहे. रस्ते त्यात येतात. पण उद्याने, गटारे, पाणीपुरवठाही त्यातच येतो. अमुक रस्त्यासाठी अमुक रक्कम, असे बंधन त्यात नाही.

याशिवाय जादा एफएसआय, म्हणजे भूखंडावर ठरलेल्यापेक्षा जास्त बांधकाम हवे असेल, तर अधिमूल्य भरावे लागते. महत्त्वाच्या नागरी वाहतूक प्रकल्पांसाठी विकास शुल्क दुप्पट करण्याची तरतूदही नंतर कायद्यात आली. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर या शहरांत एप्रिल २०२२ पासून घर खरेदीच्या मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रो अधिभार आहे. तो थेट ग्राहक भरतो.

रक्कम किती होते?

महापालिका क्षेत्रातील निवासी बांधकामाचा साधा हिशेब करून पाहू. विकास शुल्क रेडी रेकनरमधील जमिनीच्या दरावर ठरते. जमिनीच्या क्षेत्रासाठी त्या दराच्या ०.५ टक्का आणि बांधकाम क्षेत्रासाठी २ टक्के. व्यापारी वापरासाठी हे दर दुप्पट.

समजा, एक हजार चौरस मीटरचा भूखंड आहे, रेडी रेकनरचा दर २० हजार रुपये चौरस मीटर आहे आणि त्यावर दोन हजार चौरस मीटर बांधकाम होणार आहे. जमिनीचे शुल्क एक लाख रुपये, बांधकामाचे आठ लाख. एकूण नऊ लाख. इमारतीत ३० सदनिका असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला ३० हजार रुपये.

आता याच भूखंडावर त्यातले ५०० चौरस मीटर बांधकाम अधिमूल्य भरून मिळवले, असे धरू. २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीनुसार त्याचा सर्वसाधारण दर जमिनीच्या दराच्या ३५ टक्के आहे. म्हणजे चौरस मीटरमागे सात हजार आणि एकूण ३५ लाख रुपये. विकास शुल्काच्या जवळपास चौपट.

या दोन आकड्यांतच एक गोम आहे. वाढीव एफएसआय म्हणजे त्याच रस्त्यावर वाढीव माणसे आणि वाढीव गाड्या. प्राधिकरणाला मोठा पैसा मिळतो तो रस्त्यावरचा भार वाढवून. तो भार उचलायला रस्ता रुंद करण्याचे बंधन मात्र त्या पैशावर नाही.

शुल्क घेणे रास्त आहे का?

आहे, आणि त्यामागे साधे गणित आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, कडेला पार्किंग व अडथळे नसलेल्या दुपदरी मुख्य शहरी रस्त्याची क्षमता दोन्ही दिशा मिळून ताशी सुमारे १५०० पीसीयू आहे. पीसीयू म्हणजे एका मोटारीइतका भार. एक हजार सदनिकांच्या गृहप्रकल्पातून सकाळच्या गर्दीच्या तासात ३०० मोटारी बाहेर पडतात असे धरले, तर असे पाच प्रकल्प मिळून तो रस्ता पूर्ण भरतो. मग आधीपासून राहणारे गावकरी, स्कूल बस, पाण्याचे टँकर आणि पीएमपीची बस जायची कुठून?

शिवाय हा भार प्रकल्पाच्या फाटकापाशी थांबत नाही. वाघोलीच्या सोसायटीतून निघालेली गाडी नगर रस्त्याने खराडी, विमाननगर ओलांडून शहरात शिरते. बिल्डर फाटकासमोरचा रस्ता करून देतो आणि जबाबदारी संपते. खरी कोंडी पाच-सात किलोमीटर पुढच्या चौकात होते. म्हणूनच शुल्क प्रकल्पापुरते नको, त्या पट्ट्यातील सगळ्या मुख्य रस्त्यांसाठी हवे, या मागणीत तथ्य आहे.

मग पैसा रस्त्यापर्यंत का पोहोचत नाही?

पहिले कारण हद्दीचे. हिंजवडीचे आयटी पार्क एमआयडीसीचे, भोवतालच्या गावांची बांधकाम परवानगी पीएमआरडीएकडे, शेजारचे वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत आणि मधला मुंबई-बेंगळुरू महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. गाडी अर्ध्या तासात चार संस्थांच्या हद्दींतून जाते. शुल्क मात्र जिथे इमारत आहे त्या संस्थेच्या तिजोरीत पडते.

जून २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली, तेव्हा हा तिढा आणखी ठळक झाला. गावे महापालिकेची झाली, पण त्यांच्यासाठी नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीएला नेमण्यात आले. परवानगीचे शुल्क एका कार्यालयात आणि रस्ते-पाण्यासाठीचे मोर्चे दुसऱ्या कार्यालयावर, अशी स्थिती झाली. महापालिकेने याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली होती. नागरिकांना कोणाकडे जायचे हेच कळेना.

दुसरे कारण वेळेचे. परवानगीच्या वेळी पैसे जमा होतात, इमारत चार-पाच वर्षांत उभी राहते. रस्त्यासाठी मात्र आराखडा, भूसंपादन, निविदा आणि न्यायालयीन दावे असा प्रवास असतो. आजूबाजूला इमारती झाल्या की रस्त्याच्या जागेचा भाव वाढतो आणि कालपर्यंत पुरेसा असलेला निधी अपुरा पडतो.

तिसरे कारण धोरणाचे. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने करोनाकाळात मंदावलेल्या बांधकाम क्षेत्राला चालना देण्यासाठी अधिमूल्यात वर्षअखेरपर्यंत ५० टक्के सवलत दिली. सवलत घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क भरावे, अशी अट होती. त्या वेळी चर्चा झाली ती घरांच्या विक्रीची. या सवलतीमुळे कोणता रस्ता पुढे ढकलला जाणार, हे कोणी विचारले नाही. विचारणार तरी कसे? शुल्काला रस्त्याचे नावच जोडलेले नव्हते.

गुरुग्रामचा धडा काय?

हरियाणात १९७५ च्या कायद्यानुसार वसाहतीचा परवाना घेणाऱ्या विकासकाला 'बाह्य विकास शुल्क' भरावे लागते. वसाहतीबाहेरचे मुख्य रस्ते, पाणी, मलनिस्सारण यांसाठी हा पैसा असतो. नाव नेमके आहे आणि हेतूही स्पष्ट आहे. तरीही गुरुग्रामच्या अनेक नव्या सेक्टरांत लोक राहायला आले आणि मुख्य रस्ते अर्धवट राहिले.

झाले असे की शुल्क हप्त्यांनी भरायची मुभा होती. विकासकांनी ग्राहकांकडून रक्कम घेतली, पण अनेकांनी सरकारकडे भरलीच नाही. थकबाकी हजारो कोटींवर गेली आणि सरकारला तडजोडीची योजना आणावी लागली. नुसते वेगळे नाव देऊन भागत नाही. वसुली वेळेवर झाली नाही तर भरडला जातो तो आधीच पैसे देऊन बसलेला घरमालक.

कॅलिफोर्नियात हे कसे चालते?

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात अनेक शहरे आणि काउंटी नव्या बांधकामावर वाहतूक शुल्क घेतात. तिथल्या कायद्यानुसार शुल्काचा हेतू आधी जाहीर करावा लागतो, नव्या बांधकामामुळे पडणारा भार आणि शुल्क यांचा संबंध दाखवावा लागतो, पैसा स्वतंत्र खात्यात ठेवावा लागतो आणि दरवर्षी हिशेब प्रसिद्ध करावा लागतो. न वापरलेल्या रकमेची गरज अजून का आहे, हे दर पाच वर्षांनी पटवून द्यावे लागते. ते न केल्यास पैसे त्या मालमत्तेच्या सध्याच्या मालकाला परत करण्याची तरतूद आहे.

पश्चिम रिव्हरसाइड भागात अनेक शहरे २००३ पासून एकसमान वाहतूक शुल्क गोळा करून एका प्रादेशिक संस्थेकडे देतात. त्यातून भागनिहाय रस्ते आणि शहरांच्या हद्दी ओलांडणारे मोठे मार्ग होतात. काही वाटा बससेवेलाही मिळतो. हिंजवडीच्या चार संस्थांनी पाहावे असे हे उदाहरण आहे.

तिथेही सारे सुरळीत नाही. एल डोराडो काउंटीत एका रहिवाशाला तयार सुट्या भागांचे घर बसवण्यासाठी २३,४२० डॉलर वाहतूक शुल्क भरावे लागले. एका घरामुळे रस्त्यावर एवढा भार पडतो का, असे विचारत त्याने दावा लावला. शुल्क कायदेमंडळाने सरसकट ठरवले म्हणून ते प्रमाणबद्धतेच्या कसोटीतून सुटत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०२४ रोजी एकमताने सांगितले. शुल्क मात्र रद्द केले नाही. थोडक्यात, नव्या घराकडून त्याने टाकलेल्या भाराचे पैसे जरूर घ्या, मागच्या तीस वर्षांचा अनुशेष त्याच्या माथी मारू नका.

शेवटी पैसे कोण भरतो?

'बिल्डरला भरू दे' हे ऐकायला बरे वाटते. शुल्क अचानक वाढले तर विकासक ते घराच्या किमतीत घालतो आणि बोजा ग्राहकावर येतो. तेच शुल्क काही वर्षे आधी जाहीर झाले, तर जमीन घेतानाच विकासक ते धरून भाव कमी सांगतो आणि बोजाचा काही भाग जमीनमालकाच्या नफ्यातून निघतो. रस्त्यामुळे सर्वाधिक भाव वाढतो तो जमिनीचाच. म्हणून दर आधी जाहीर होणे आणि तो वारंवार न बदलणे महत्त्वाचे आहे.

आधीच इतके कर आणि शुल्के आहेत, त्यात आणखी एक कशाला, हा विकासकांचा आक्षेप उडवून लावता येणार नाही. छोटी, परवडणारी घरे बांधणाऱ्यांना तर तो अधिकच लागू पडतो. त्यामुळे नवे शुल्क लावण्याआधी आहे त्या शुल्काला शिस्त लावणे हाच पहिला उपाय ठरतो.

काय बदलायला हवे?

विकास शुल्क आणि अधिमूल्यातील ठरावीक हिस्सा पट्टानिहाय रस्ते खात्यात वेगळा ठेवावा. उदाहरणार्थ, नगर रस्ता पट्टा किंवा हिंजवडी पट्टा. त्या पट्ट्यात येणाऱ्या सर्व संस्थांनी आपला वाटा त्याच खात्यात टाकावा, मग इमारत कोणाच्याही हद्दीत असो.

प्रत्येक खात्यात किती जमा झाले, कोणत्या रस्त्यावर किती खर्च झाले आणि किती शिल्लक आहे, याचा नकाशासह हिशेब दरवर्षी संकेतस्थळावर टाकावा. ठरलेल्या मुदतीत पैसा वापरला नाही तर प्राधिकरणाला त्याचे कारण जाहीर करावे लागेल, अशी तरतूद हवी.

जमा रकमेतून आधी रस्त्याची जागा ताब्यात घ्यावी. डांबर नंतरही टाकता येते, वाढलेल्या भावाची जागा नंतर परवडत नाही. मोठ्या प्रकल्पांची परवानगीही टप्प्याटप्प्याने द्यावी, म्हणजे रस्त्याची क्षमता वाढली की पुढचा टप्पा. आज प्रकल्प पूर्ण होऊन भोगवटा प्रमाणपत्र मिळते आणि बाहेरचा रस्ता कागदावरच राहतो.

यातल्या बहुतेक गोष्टींसाठी नवा कर लागत नाही. लागते ती खाती वेगळी करण्याची आणि हिशेब दाखवण्याची तयारी.

घर घेताना काय विचाराल?

सदनिका आरक्षित करण्यापूर्वी प्रकल्पाची मंजूर बांधकाम परवानगी पाहा. ती कोणत्या प्राधिकरणाने दिली आहे, हे त्यावर लिहिलेले असते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची कागदपत्रे पाहता येतात. प्रकल्पासमोरचा रस्ता आज प्रत्यक्ष किती रुंद आहे आणि विकास आराखड्यात किती दाखवला आहे, हे दोन्ही आकडे विचारा. आराखड्यातील रस्त्याची जागा ताब्यात आली आहे का, हा प्रश्न विक्री कार्यालयात विचारण्यापेक्षा प्राधिकरणाकडे माहिती अधिकारात विचारा. सोसायटी स्थापन झाली असेल तर आपल्या प्रकल्पाने किती विकास शुल्क भरले आणि आपल्या भागातील रस्त्यांवर किती खर्च झाला, हेही त्याच अर्जात विचारता येईल.

एका सोसायटीच्या अर्जाने रस्ता होणार नाही, हे खरे. पण एका पट्ट्यातील पन्नास सोसायट्यांनी हाच प्रश्न लावून धरला, तर कोणत्या रस्त्याचे किती पैसे जमा आहेत, हे प्राधिकरणाला कधी तरी लिहून द्यावेच लागेल.