टाकून दिल्या जाणाऱ्या पेशींची नोंद हवी



परळच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले (कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच हे साधले होते, आणि ते श्रेय त्यांना मिळावे म्हणून पुढे आनंद कुमार यांनीच लेखणी झिजवली), त्यानंतर या उपचारांची चर्चा बीज आणि गर्भ यांभोवतीच फिरत राहिली, बीजाला वेढणाऱ्या पेशी मात्र उपेक्षितच राहिल्या.

अंडाशयातील द्रवाने भरलेल्या पुटिकेत या पेशी स्त्रीबीजाला सूक्ष्म तंतूंवाटे पायरुवेटसारखे इंधन पुरवतात, कारण ग्लुकोज थेट वापरण्याची बीजाची स्वतःची क्षमता तोकडी असते. वाढीस लागलेल्या पुटिकेचा ऱ्हास बहुधा तिच्यातील अशाच पोषक पेशींच्या नियोजित मृत्यूने, म्हणजे पेशीने आपल्याच जनुकीय आज्ञेने आसपास दाह न पसरवता स्वतःला संपवण्याने, सुरू होतो. जन्मतः असलेल्या दहा-वीस लाख बीजांपैकी आयुष्यभरात जेमतेम चारशे-पाचशे बाहेर पडतात. उपचारातील संप्रेरकांची इंजेक्शने हाच पेशीमृत्यू रोखून त्या पाळीत एरवी नष्ट झाल्या असत्या अशा पुटिका वाचवतात. त्यामुळे इंजेक्शनांनी बीजांचा साठा लवकर संपतो, ही भीती निराधार ठरते.

इक्सी पद्धतीत एकच शुक्राणू सुईने बीजात सोडतात; त्यापूर्वी विकराच्या द्रावात आणि बारीक नळीत खेळवून या पेशी सोलून काढल्या जातात आणि बहुधा टाकून दिल्या जातात. त्यांतील मृत्यूचे प्रमाण जास्त असेल तर फलन व गर्भधारणा कमी होते, असे काही अभ्यासांत आढळले, तर काहींत तसा संबंध दिसला नाही. अनेकदा एकाच स्त्रीच्या सर्व बीजांच्या पेशी एकत्र मिसळून तपासल्या जातात, तेव्हा कोणत्या बीजाचे काय झाले हे कळणार तरी कसे?

परळच्याच राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत पीसीओएस हा अंडाशयाचा विकार असलेल्या स्त्रियांच्या अशा पेशींवर काम झालेले असल्याने, रुग्णाची लेखी संमती घेऊन प्रत्येक बीजाच्या पेशी वेगळ्या ठेवण्याचा आणि थेट बाळाच्या जन्मापर्यंत पाठपुरावा करण्याचा प्रकल्प शहरातील प्रयोगशाळांना सोबत घेऊन तिने हाती घ्यावा. प्रयोगशाळांवर कामाचा ताण वाढेल हे खरे, पण बीजाला मुळीच धक्का लागणार नाही. या प्रकल्पाचे निष्कर्ष हाती येईपर्यंत गिरगाव असो वा दादर, कोणत्याही केंद्राने ‘एग क्वालिटी’च्या नावाखाली या पेशींच्या चाचणीचे वेगळे पैसे दांपत्यांकडून घेऊ नयेत.

एक वाचक, लालबाग