वायुझोताचा वेग आणि नाद

जेट विमानाचा कर्णकठोर नाद मुख्यतः इंजिनातून सुटणाऱ्या वायुझोतातून उद्भवतो आणि त्या झोताच्या वेगाच्या आठव्या घाताच्या प्रमाणात वाढतो, हे मँचेस्टर विद्यापीठातील जेम्स लाइटहिल यांनी १९५२ साली गणिताने दाखविले, तेव्हाच या व्याधीचे निदान झाले होते. वेग निम्मा केला की ध्वनिशक्ती २५६ पटींनी घटावी, असा तो हिशेब. आजच्या इंजिनातील विशाल पंखा म्हणूनच बहुतांश हवा ज्वलनकक्षाबाहेरून संथपणे मागे लोटतो. एअरबस ए३२० निओच्या एका इंजिनात ही हवा गाभ्यातील हवेच्या सुमारे बारापट असते. यात इंधनाचीही बचत होते, आणि कंपन्यांची तत्परता बहुधा त्याच कलमाखाली जमा धरावी! उतरताना मात्र चाके व पंखांच्या झडपाही इंजिनाइतक्याच गरजतात. यापुढील संशोधनाचा रोख तिकडेच असावयास हवा.