फवारणीआधी पान उलटून पाहा

ऑगस्ट लागला की खामगावच्या कृषी सेवा केंद्रांपुढे गर्दी होते. कपाशीला पात्या धरू लागलेल्या असतात, शेंड्यावर मावा-तुडतुडे दिसतात आणि दुकानात शिरलेला माणूस एकच विचारतो, "कोणतं मारू?" थोडं थांबलं तर चालेल का, असं विचारताना मी कोणाला ऐकलेलं नाही. हा प्रश्न विचारला जावा म्हणून हा लेख लिहिते आहे.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, आणि घाटाखालच्या आमच्या शेतात सासऱ्यांच्या काळापासून कपाशी आहे. पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग, पहिल्यांदा कपाशीवर चढला ते हंगाम इथल्या शेतकऱ्याला आठवत असतील. साल 2007-08 च्या आसपासचं. झाडाच्या शेंड्यापासून खोडापर्यंत पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं, पानं चिकट, वर काळी बुरशी. अंगावर मेणाचा थर असल्याने औषध त्याला नीट लागत नसे, आणि लोक एकावर एक फवारण्या करत सुटले होते.

त्या गर्दीत काही ढेकूण वेगळे दिसत. पांढरे नव्हेत, तांबूस तपकिरी, टणक, पिंपासारखे फुगलेले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी एक फांदी हातात धरून म्हटलं होतं, "मॅडम, हे त मेलेलं दिसते." मी ती फांदी बरणीत घातली आणि तोंडाला मलमलीचा तुकडा बांधला. काही दिवसांनी त्या फुगलेल्या अंगाच्या एका टोकाला गोल भोक पडलेलं होतं, आणि मलमलीच्या आतल्या बाजूला काळ्या रंगाची, दोनेक मिलिमीटरची एक माशी पाय घासत बसली होती. मिशा लांब, पंख पारदर्शक. ढेकणाच्या पोटात वाढून, त्याला आतून खाऊन ती बाहेर पडली होती.

या माशीला 2009 साली अलिगढचे कीटकशास्त्रज्ञ मोहम्मद हयात यांनी नाव दिलं, एनेसियस बंबावालेई. राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे तेव्हाचे संचालक ओ. एम. बंबावाले यांच्या आडनावावरून. पुढे ती अमेरिकेत आधीच नोंदलेल्या जातीचीच निघाली आणि नाव बदललं, पण काम तेच राहिलं. पिठ्या ढेकूणही अमेरिकेतूनच आलेला. त्याच्या मागोमाग ही माशी आपल्याकडे कोणी न आणता आली आणि कपाशीच्या शेतांतून पसरली. पुढच्या काही हंगामांत मिलीबगचा जोर ओसरला, त्यात या माशीचा वाटा मोठा होता. त्याचं श्रेय आपल्याकडे अजूनही बहुतेक जण औषधाच्या डब्याला देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसऱ्या कीटकाच्या अंगात किंवा अंड्यात आपली अंडी घालणाऱ्या अशा माश्या गांधीलमाशीच्या कुळातल्या. त्यांच्या जाती काही लाखांत असाव्यात असा अंदाज आहे. आणि हा उद्योग किती जुना? खामगावच्या काळ्या मातीखालचा खडक त्याचं उत्तर देणार नाही. आपण बसाल्टवर राहतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचं हे पठार झालं, आणि वितळलेल्या दगडात माशीचा पंख टिकत नाही. उत्तर मिळतं ते तळ्यांच्या गाळाचे जे खडक झाले त्यांत आणि झाडांच्या दगड झालेल्या राळेत, म्हणजे अंबरमध्ये. चीनच्या इनर मंगोलियातल्या दाओहुगोच्या थरांत 16 कोटी वर्षांपूर्वीच्या माश्यांचे ठसे आहेत, त्यांतल्या काहींची अंडी घालायची सुई स्पष्ट दिसते. म्हणजे इथे लाव्हा वाहू लागला, तेव्हा हा उद्योग दहा कोटी वर्षं जुना झालेला होता. म्यानमारच्या काचिन भागातल्या सुमारे 9.9 कोटी वर्षांच्या अंबरमध्येही या माश्या आहेत. आणि आपल्या शेजारी, सुरत जिल्ह्यात वस्तान आणि तडकेश्वरच्या लिग्नाइट खाणींत, सुमारे पाच कोटी वर्षांचं अंबर सापडतं. 2010 साली त्यावरचा शोधनिबंध आला, तेव्हा त्यात कीटकांच्या आणि त्यांच्या नातलगांच्या शंभरावर जाती ओळखल्या गेल्या होत्या. ज्या खाणीतला कोळसा जाळायला जातो, त्याच खाणीत हे अंबर आहे.

मात्र सुई दिसली म्हणजे माशी कोणाच्या अंगात वाढली हे सिद्ध होत नाही. त्यासाठी आतली माशी बाहेरच्या कीटकासकट हवी. फ्रान्सच्या केर्सी भागात फॉस्फेटच्या खाणी होत्या. तिथे एकोणिसाव्या शतकात माश्यांचे कोश दगड झालेले मिळाले, तांदळाच्या दाण्याएवढे. ते बाझेल आणि स्टॉकहोमच्या संग्रहालयांत पडून होते. 1944 साली हांडशिन नावाच्या स्विस अभ्यासकाला त्यांतल्या एकात दुसऱ्याच कीटकाची आकृती असल्याचं जाणवलं, पण दगड न फोडता आत बघायची सोय तेव्हा नव्हती. 2018 साली जर्मन संशोधकांनी असे 1,510 कोश क्ष-किरणांखाली घातले. 55 कोशांच्या आत दुसऱ्या माश्या निघाल्या, चार वेगवेगळ्या जातींच्या. काही पूर्ण वाढलेल्या, पंख अंगाला घडी घालून, बाहेर पडायच्या बेतात. तिथेच त्या दगड झाल्या, साडेतीन-चार कोटी वर्षांपूर्वी. ती चित्रं मी वर्गात दाखवते तेव्हा मला बरणीतला तो फुगलेला ढेकूण दिसतो. तीच रीत, तेच काम.

हे क्रूर आहे का? 1860 साली डार्विनने एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात हाच प्रश्न आला. जिवंत अळीला आतून खाणारी माशी दयाळू देवाने मुद्दाम घडवली असेल, हे त्याला पटत नव्हतं. आपल्याकडे कुंभारीण माशी अळीला मातीच्या घरात कोंडते आणि त्या घरातून पुढे माशीच बाहेर येते, हे लोकांनी पाहिलं, आणि संतांनी त्यातून कीटकभृंगीचा दृष्टांत घेतला. निरीक्षण खरं होतं. फक्त अळीची माशी होत नाही, माशीचं पिल्लू अळी खातं. मला या व्यवहारात क्रौर्यापेक्षा हिशेब दिसतो. ढेकूण वाढले की माशी वाढते, ढेकूण सरले की माशीही सरते. तेवढा वेळ तिला मिळायला हवा. आपली पहिली फवारणी तोच वेळ हिरावून घेते. ढेकूण मेणाखाली तगतो, उघडी माशी मात्र मरते.

जुनं आहे म्हणून सगळं निभावून नेईल, असं मी म्हणत नाही. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की ट्रायकोग्रामा या माशीच्या हाती काही राहत नाही, कारण ती फक्त अंड्यावर जगते. म्हणून ट्रायकोकार्ड वेळेवर लागतं. तांदळाच्या पतंगाची अंडी चिकटवलेलं हे कार्ड, एका कार्डावर सुमारे 20 हजार, प्रत्येक अंड्यात एक माशी वाढत असलेली. पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या, आणि त्या दिवसांत औषध मारायचं नाही. कार्ड दोन-चार दिवस उशिरा पोचलं तर माश्या पाकिटातच निघून मरतात. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ इथून फार लांब नाही. तरीही फुलं लागायच्या वेळी तालुक्याच्या ठिकाणी कीटकनाशक कधीही मिळतं, आणि कार्डासाठी मात्र शेतकऱ्याला शोधाशोध करावी लागते. ही सोय करणं सरकारचं काम आहे. खामगावची बाजारपेठ कापसावर वाढली, 1870 मध्ये जलंबहून इथवर रेल्वे आली तीही कापसासाठी. इथल्याच बाजार समितीच्या आवारात एक शीतपेटी ठेवून जुलै ते सप्टेंबर कार्डं मिळू लागली, तर खर्च फार येणार नाही.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन किमान वीस शेतकरी आणि मजुरांचे जीव गेले. त्यानंतर मास्क, हातमोजे, पंपाची नळी यांवर पुष्कळ बोललं गेलं. फवारणीच एक-दोनदा टळली असती का, हे त्या मानाने कमी बोललं गेलं. जी फवारणी होत नाही, तिच्यात कोणी मरत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच. पंप खांद्यावर घेण्याआधी शेतातल्या वीसेक झाडांची पानं उलटून पाहा. फुगलेला तपकिरी मावा किंवा भोक पडलेला ढेकूण दिसला, तर आठ दिवस थांबा आणि पुन्हा मोजा. कामगंध सापळ्यात बोंडअळीचे पतंग वाढले, डोमकळ्या, म्हणजे न उमलता मिटून राहिलेली फुलं, दिसू लागल्या, तर जरूर फवारा, पण त्याआधी नको. आणि बाजार समितीच्या संचालकांना पुढच्या सभेत विचारा: आमच्या आवारात ट्रायकोकार्ड कधीपासून मिळणार?