दुचाकीचा टायर बदलताना : किमतीपेक्षा आकाराचा प्रश्न मोठा

पुणे, प्रतिनिधी – वस्तू व सेवा करातील फेररचना २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली, तेव्हा सर्वाधिक चर्चा झाली ती साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींच्या उतरलेल्या किमतींची. त्याच दिवशी दुचाकीच्या नव्या टायरवरील करही २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मूळ किंमत दोन हजार रुपये असलेला टायर पूर्वी करासह २,५६० रुपयांना पडत असे, तो २,३६० रुपयांना मिळू लागला. दोनशे रुपयांची ही बचत नगण्य नाही. परंतु नाना पेठेतील दुकानांसमोर अर्धा तास उभे राहिले, तर ही बचत ग्राहकाच्या खिशात राहतेच असे नाही, हे ध्यानात येते. ती बहुधा 'एक साइज मोठा' टायर घेण्यात खर्ची पडते.

मागचा टायर गोटा झाला की गाडी दुकानात येते. मूळचा टायर १००/९०-१७ असेल, तर त्याच जागी १२०/८० किंवा थेट १३०/७० बसवण्याचा विचार पुढे येतो. 'रुंद टायर म्हणजे जास्त पकड' हे समीकरण आपल्याकडे इतके रुजले आहे की, त्याची शहानिशा करण्याची गरज ना विकणाऱ्याला वाटते, ना घेणाऱ्याला. रुंद टायरने गाडी देखणी दिसते, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो ती रस्त्यावर कशी वागते याचा.

टायरच्या कडेला छापलेले आकडे वाचायला सोपे असतात. १००/९०-१७ यातील पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची उंची आहे ते सांगतो आणि तिसरा रिमचा व्यास इंचांत देतो. सतरा इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर. त्यात वर आणि खाली प्रत्येकी ९० मिलिमीटर मिळवले की चाकाचा बाह्य व्यास ६११.८ मिलिमीटर येतो. हाच हिशेब १२०/८०-१७ साठी केला तर ६२३.८ येतात, म्हणजे सुमारे दोन टक्के वाढ. १३०/७०-१७ चे उत्तर ६१३.८ येते, म्हणजे जवळपास मूळ टायरइतकेच. गंमत अशी की, चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ड्यूकचा १५०/६० हा मागचा रुंद टायरसुद्धा नेमका ६११.८ मिलिमीटरचाच भरतो. व्यास जुळतो, म्हणून टायर चालतो असे अनेक जण गृहीत धरतात. चूक होते ती येथेच.

कारण या तिन्ही आकड्यांत रिमची रुंदी कोठेच नाही. प्रत्येक टायर किती रुंदीच्या रिमसाठी घडवला आहे, हे ठरलेले असते. १००/९० ला साधारण अडीच इंची रिम योग्य ठरते, १३०/७० ला साडेतीन इंची, तर १५०/६० ला चार इंची. अडीच इंची रिमवर १३०/७० चढतो. पंक्चरवाल्याकडील यंत्र तो चढवून देते आणि हवाही धरतो. पण त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि वरचा भाग फुगीर, काहीसा टोकदार होतो. गाडी सरळ जाताना रस्त्याला टेकणारी पट्टी अपेक्षेपेक्षा अरुंद राहते. वळणावर गाडी कलली की टायर त्याच्या रचनाकाराने ठरवलेल्या गोलाईवर टेकत नाही. ज्या पकडीसाठी जादा पैसे मोजले तीच अशा तऱ्हेने हातची जाते. शिवाय मधली नक्षी लवकर झिजते, कडा कोऱ्या राहतात आणि टायर ठरलेल्या आयुष्याआधीच निकामी होतो.

प्रस्तुत प्रतिनिधीने हा प्रयोग काही वर्षांपूर्वी स्वतःच्या दीडशे सीसी गाडीवर केला होता. दुकानदाराने 'काही होत नाही' असा निर्वाळा दिला होता. पंधरा दिवसांत चेनने टायरच्या डाव्या कडेवर एक चकचकीत रेघ ओढली. कात्रजच्या जुन्या घाटात गाडी वळणावर झुकण्यास कुरकुर करू लागली आणि मग एकदम झुकू लागली. ॲव्हरेज घटले ते वेगळेच. तीन महिन्यांनी मूळ आकाराचा टायर परत बसवला. दोन्ही टायरचे मिळून जेवढे पैसे गेले, तेवढ्यात सुरुवातीलाच मूळ आकारातला सर्वांत उत्तम टायर आला असता.

याचा अर्थ कंपनीने दिलेला आकार अचल आहे असा नव्हे. जुन्या बुलेटची दोन्ही चाके १९ इंची, टायर ३.२५ चे. शंभर सीसीच्या गाड्या अनेक वर्षे २.७५-१८ या अरुंद टायरवर धावल्या. खड्डे, चिखल आणि ॲव्हरेज यांचा तो शहाणा तोडगा होता. पल्सर २००१ मध्ये आली ती १८ इंची चाके घेऊन आणि पुढील काही वर्षांत १७ इंचांवर उतरली. मात्र कंपनी चाक बदलते, तेव्हा केवळ चाक बदलत नाही. रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५० आणि हंटर ३५० या एकाच इंजिनाच्या दोन गाड्या. क्लासिकला पुढे १००/९०-१९ आणि मागे १२०/८०-१८, तर हंटरला पुढे ११०/७०-१७ आणि मागे १४०/७०-१७. त्याबरोबर हंटरचा व्हीलबेस १३९० वरून १३७० मिलिमीटरवर आणला गेला आणि पुढच्या फोर्कपासून बैठकीपर्यंत सारी रचना नव्याने मांडली गेली.

हौशी मंडळी क्लासिकला हंटरचे पुढचे चाक बसवू पाहतात, तेव्हा या साऱ्याचा विसर पडतो. हिशेब केला तर १९ इंची चाकाचा बाह्य व्यास ६६२.६ आणि १७ इंचीचा ५८५.८ मिलिमीटर. गाडीचे नाक ३८ मिलिमीटर खाली जाते, फोर्कचा कोन बदलतो आणि वेगात हँडल हलके होते. स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून वेग मोजत असेल, तर प्रत्यक्ष ६० च्या वेगाला काटा ६८ दाखवतो. त्याहून गंभीर बाब एबीएसची. १२५ सीसीवरील नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि सर्व गाड्यांना एप्रिल २०१९ पासून ही यंत्रणा बंधनकारक झाली. चाक अडकते आहे का, हे ती चाकांच्या वेगावरून ठरवते आणि तिचे गणित कारखान्यातील चाकाच्या मापावर बसवलेले असते. ते माप अकरा टक्क्यांहून अधिक बदलले, तर ऐन ब्रेक दाबताना यंत्रणा काय समजेल, याची खात्री देणारा कोणी दुकानात नसतो.

कायदा या बाबतीत अगदी मुका नाही. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेली मूळ वैशिष्ट्ये बदलण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी तरतूद केली. प्रत्यक्षात वाहतूक पोलिसांचे लक्ष सायलेन्सरच्या आवाजावर असते, टायरच्या कडेवर नव्हे. टायरच्या झिजेचाही नियम आहे. दुचाकीसाठी नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर हवी. हा नियम पाळूनही पावसाळ्यात टायर घसरू शकतो, कारण इतक्या उथळ खाचांतून पाणी बाहेर पडायला वाव उरत नाही. दीड-दोन मिलिमीटर शिल्लक असतानाच, शक्यतो मे महिन्यात, टायर बदलणे हे आपल्या हवामानाला अधिक धरून आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांनी प्राण गमावले आणि त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. त्यांत सदोष टायरमुळे किती गेले, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. पण ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की गाडी किती अंतरात थांबते, यात टायरचा वाटा किती, हे कोणाही चालकाला सांगण्याची गरज नाही.

मग बदल करूच नये का? करावा, पण हिशेब मांडून. १००/९०-१७ च्या जागी ११०/८०-१७ घेतला, तर व्यासात चार मिलिमीटरचा फरक पडतो आणि तो अडीच इंची रिमवर नीट बसतो. त्याआधी चेन आणि स्विंगआर्म यांच्यापासून अंतर किती उरते, ते मात्र पाहून घ्यावे. रिमची रुंदी रिमवरच कोरलेली असते. आकारापुढील अंक आणि अक्षरही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. ५५पी याचा अर्थ २१८ किलो भार आणि ताशी १५० किलोमीटर वेग. अरुंद टायरवर ४२ हा अंक दिसला तर तो १५० किलोचाच आहे, हे दोघे आणि मागे गॅसची टाकी अशी वाहतूक करणाऱ्यांनी जाणून असावे. आयएसआय चिन्ह नसलेला टायर घेऊ नये. साध्या तारांच्या रिमवर ट्यूब न घालता टायर चढवू नये. जाड ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर सध्या फॅशनमध्ये आहेत. शेतातल्या वाटेवर ते कामाचे, पण ओल्या सिमेंट रस्त्यावर आणि पेव्हर ब्लॉकवर त्यांची पकड कमी पडते.

उत्तम टायर बाहेरूनच आणावा लागतो, अशीही एक समजूत आहे. नव्या टायरची आयात जून २०२० मध्ये केंद्राने निर्बंधित यादीत टाकली आणि परदेशी बनावटीचे काही आकार दुकानांतून दिसेनासे झाले. त्याचा फायदा देशी कारखान्यांना झाला, हे खरे, पण ग्राहकाचे एक नुकसानही झाले. परदेशी बनावटीचा एखादा टायर गोदामात दोन-तीन वर्षे पडून असतो आणि 'इंपोर्टेड' म्हणून चढ्या भावाने विकला जातो. रबर पडून राहूनही कडक होते. टायरच्या कडेवर लंबगोलात चार अंक असतात. २३२४ असे लिहिले असेल, तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. टायर रिमवर चढण्यापूर्वी, पैसे देण्याच्याही आधी, हे चार अंक दुकानदाराकडून वाचून घेण्याचा अधिकार ग्राहकाला आहे.